इंटर्न म्हणजे घरचा माळा नव्हे!

आमच्या टीममध्ये मे महिना हा झोपाळू महिना. मोठं रिलीज मार्चअखेर जाऊन पडलेलं असतं, पुढच्या कामाच्या सह्या कुठेतरी अडकलेल्या असतात आणि अर्धी टीम कोकणात आंबे खायला गेलेली असते. उरलेले आम्ही एसीच्या गारव्यात मेल्स चाळत बसतो. नेमक्या याच सुमारास गळ्यात नवंकोरं ओळखपत्र अडकवलेली दोन-तीन पोरंपोरी दारात उभी राहतात. समर इंटर्न्स! मग कुणीतरी म्हणतंच, "बरं झालं बाई आले हे. ती राहिलेली कामं देऊन टाकू यांना."

मला या 'देऊन टाकू'चा भयंकर राग आहे.

राहिलेली कामं म्हणजे कुठली हो? पाच वर्षांच्या एक्सेल शीट्स एका साच्यात बसवणे. दीडशे स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटवणे. कुणीही कधीही न उघडणारं डॉक्युमेंट 'अपडेट' करणे. थोडक्यात, जी आपण वर्षभर केली नाहीत आणि तरी कुणाचं काही अडलं नाही, अशी कामं. घरातला मोडका पाळणा टाकवत नाही आणि लागतही नाही, म्हणून आपण माळ्यावर चढवतो, तसंच हे. फरक इतकाच की बिचाऱ्या माळ्याला दोन महिन्यांनी प्रेझेंटेशन द्यावं लागत नाही :-)

आणि वर याला म्हणायचं डेलिगेशन! अहो, आपल्या भाषेत काम सोपवणं वेगळं आणि काम ढकलणं वेगळं. सोपवलं की आपण मागे उभे राहतो, ढकललं की मोकळे होतो. आपल्याकडे 'अमक्याच्या हाताखाली शिकला' असं म्हणतात, तेही उगाच नाही. गवंडी असो, शिंपी असो की आचारी, शिकणाऱ्याला त्याचा हात दिसायला हवा आणि चुकलं तर तो हात पोचायलाही हवा. आमच्या ऑफिसांत इंटर्नची खुर्ची पार प्रिंटरशेजारी आणि 'हात' दिवसभर मीटिंगमध्ये. याला कसलं हाताखाली म्हणायचं?

उन्हाळ्यात आलेल्या पोरांना काय काम द्यावं, हा प्रश्न काही आजचा नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये सेमूर पॅपर्ट यांनी जुलै १९६६ मध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं होतं, 'समर व्हिजन प्रोजेक्ट' नावाचं. उन्हाळ्यापुरत्या आलेल्या मंडळींचा नीट उपयोग करून कॉम्प्युटरला 'बघायला' शिकवणाऱ्या यंत्रणेचा एक मोठा भाग उभा करायचा, असा बेत. आधी चेंडू, विटा, नळकांडी असल्या सोप्या वस्तू ओळखायच्या, मग सिगारेटचं पाकीट, हत्यारं, कप वगैरे. आज आमच्या क्षेत्रात हे टिपण चेष्टेचा विषय आहे, कारण जे काम एका उन्हाळ्यात बरंच पुढे जाईल असं वाटलं होतं, त्यात पुढे कित्येक दशकं गेली.

हसा खुशाल. पण मी पॅपर्टच्या बाजूने आहे. त्यांचा अंदाज चुकला, नियत चुकली नव्हती. त्यांनी पोरांना संस्थेतला खराखुरा, न सुटलेला प्रश्न दिला. त्याचे तुकडे अशा बेताने पाडले की प्रत्येकाला आपापलं काम करता यावं आणि तरी ते सगळं मिळून एक मोठी गोष्ट व्हावी. शेल्फवरची धूळ पुसायला नाही लावली. झेपणार नाही एवढं मोठं काम मिळालेला पोरगा निदान काय झेपलं नाही ते सांगू शकतो. स्क्रीनशॉट चिकटवणारा काय सांगणार?

आता आमच्याच ऑफिसातलं एक उदाहरण. आमच्याकडे एक रिपोर्ट रोज रात्री चालायचा आणि सव्वादोन तास घ्यायचा. सगळ्यांना माहीत होतं, सगळे कुरकुरत होते, वेळ कुणालाच नव्हता. एका मे महिन्यात आलेल्या मुलीला मी तो दिला. सांगितलं, "सकाळी सातला दुकानांचे मॅनेजर या रिपोर्टची वाट बघत असतात. तो उशिरा आला की त्यांची मालाची ऑर्डर चुकते. काय करता येईल बघ." पहिला आठवडा तिने नुसते लॉग वाचले. मग विचारायला आली, "मॅडम, हा प्रोग्रॅम प्रत्येक दुकानासाठी डेटाबेसला पुन्हा पुन्हा का विचारतो? एकदाच सगळं का मागत नाही?" अगदी बरोबर! तिने हजारो छोट्या क्वेरींची एक मोठी क्वेरी केली आणि रिपोर्ट वीस मिनिटांवर आला.

पण खरं शिक्षण त्यानंतरचं. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून एका महिन्याचा डेटा ताडून बघ, असं मी तिला सांगितलं होतं. तेव्हा कळलं की काही दुकानं यादीतून गायबच! ज्या दिवशी ज्या दुकानात एकही विक्री नाही, ते तिच्या जॉइनमधून गळून पडत होतं. आणि मॅनेजरला सगळ्यात आधी बघायचं असतं ते नेमकं तेच दुकान. तिने ते स्वतः शोधलं, स्वतः दुरुस्त केलं. इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइन यांतला फरक तिने कॉलेजात पाठ करून मार्क मिळवलेले होतेच. तो कुणाच्या पोटावर येतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

माझा यात रोज सकाळी अर्धा तास गेला. "एवढ्यात तू स्वतः दोन दिवसांत केलं असतंस की," असं एक सहकारी म्हणाला. खरंय. मग पाच वर्षांत आपल्यापैकी एकानेही ते दोन दिवस का नाही काढले?

मुद्दा हाच आहे, मंडळी. कामाचा जोर नसतो तेव्हा आपल्याकडे जास्तीचं काय असतं? काम नव्हे, वेळ. वर्षभर जो मिळत नाही तो हाताशी धरून शिकवण्याचा वेळ. तोच इंटर्नला द्यायचा असतो. आपण मात्र वेळ स्वतःकडे ठेवतो आणि अडगळ त्याला देतो.

"इंटर्नच्या हातात प्रॉडक्शन द्यायचं का मग?" हा ठरलेला प्रश्न. अजिबात नाही. नावं-नंबर झाकलेल्या डेटाची कॉपी द्या, वेगळी ब्रांच द्या, आणि तुम्ही वाचल्याशिवाय त्याचा कोड पुढे जाऊ देऊ नका. ही काळजी आपण पाच वर्षं अनुभव असलेल्याच्या बाबतीतही घेतोच ना? हल्लीचा दुसरा प्रश्न, "असली कामं आता एआय करतं, इंटर्न हवाच कशाला?" छान! म्हणजे इतकी वर्षं त्याला बोलावत होतात ते फक्त स्वस्त हात म्हणून, हे आपणच कबूल केलंत. रिपोर्ट एआयने लिहिला तरी शून्य विक्रीचं दुकान का महत्त्वाचं, हे कळणारा माणूस उद्या लागेलच. तो काय झाडाला लागणार आहे?

आता जरा नातेवाईकांकडे वळते. (हो मामा, तुम्हीसुद्धा!) दर मार्चमध्ये मला फोन येतात. "आमच्या चिरंजीवांना कुठेतरी चिकटव गं. काम नसलं तरी चालेल, सर्टिफिकेट मिळालं की झालं." अहो, काम नसलं तरी चालेल? मग सर्टिफिकेट कसलं, खुर्चीत बसल्याचं? कॉलेजला इंटर्नशिपचे क्रेडिट हवेत, कंपनीला सीएसआरच्या अहवालात फोटो हवा आणि तुम्हाला बायोडेटात एक ओळ. या तिघांचं भागलं की पोराचे दोन महिने गेले ते कुणाच्याच हिशेबात नाहीत.

सरकारी हिशेबही असाच. २०२४ च्या जुलैमधल्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप देण्याची घोषणा झाली. महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये मदत. त्याच वर्षी महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. पैसे मिळायलाच हवेत, फुकट राबवून घेणाऱ्यांबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण पैसे आणि माणसं मोजणं सोपं असतं. एक कोटी पोरांना एक कोटी माळे करून ठेवलं, तरी आकडा पूर्ण होईल!

पूर्वी असल्या शिकण्याला उमेदवारी म्हणत. उमेद घेऊन आलेला तो उमेदवार. आता तो शब्द निवडणुकीवाल्यांनी पळवला, असो. पण उमेद घेऊन पोरं अजूनही येतात, आणि आठव्या आठवड्यापर्यंत ती कशी विझते हे बघायला प्रिंटरशेजारी जाऊन उभं राहावं लागतं.

तेव्हा यंदा घरातला कुणी इंटर्नशिप करून परत आला की स्टायपेंड किती, एसी होता का, पुढे घेणार का, हे नंतर विचारा. आधी विचारा, "तू केलेलं काम आता कोण वापरतंय?" पोरगं गप्प बसलं तर त्याला बोलू नका. त्याच्या साहेबाला बोला. आणि तो साहेब तुमच्याच घरात राहत असेल, तर आज रात्रीच्या जेवणालाच विषय काढा.