शाबूत धुराडं कुणी ठरवायचं?



‘शंभर वर्षं टिकलेल्या धुराड्याला अस्तर कशाला?’ हा गेल्या अंकातील सवाल वरवर बिनतोड वाटतो. पण ब्रिटनमधली व्हिक्टोरियन धुराडी उघड्या शेगडीसाठी बांधलेली. तिची बरीचशी उष्णता वर जाई, धूर तापलेला राही. आजच्या बंद स्टोव्हचा धूर त्यामानाने थंड. तो रुंद धुराड्यात रेंगाळतो, डांबर साचतं, आणि विटांच्या सांध्यांतला चुना झिजला असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट वरच्या निजायच्या खोलीत शिरतो. त्याला ना वास, ना रंग. खर्चाचा आक्षेप खरा आहे. धुराडं शाबूत असेल तर बिनअस्तराचंही चालतं, हेही मान्य. मात्र ते शाबूत आहे की नाही, हे धूर सोडून केलेल्या चाचणीनंच कळतं, अंगणातून वर बघून नव्हे. नोंदणीकृत कारागिराकडून आधी ती करून घ्या, मगच स्टोव्ह पेटवा.

– एक वाचक, लंडन