चित्र हाती, अर्थ परका

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अच्छाडपाशी महाराष्ट्राची हद्द संपते. तलासरी तालुक्यातील रुग्णास उपचारांसाठी वापी वा सिल्वासा गाठणे पुष्कळदा सोयीचे पडते. परतताना एमआरआयच्या फिल्मांचे भलेमोठे पाकीट आणि इंग्रजी अहवाल त्याच्या हाती असतो. गावी त्याचा अर्थ सांगणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

या चित्रांची लिपी अगम्य नाही. शरीरातील पाण्यात व चरबीत हायड्रोजन असतो. प्रबळ चुंबकक्षेत्रात रेडिओलहरींनी त्याच्या अणुकेंद्रांस डिवचले म्हणजे ती संकेत परत देतात. त्यांतून चित्र रचण्याची युक्ती १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी दाखविली. पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक लाभले. टी-१ चित्रात चरबी उजळ व पाणी काळे दिसते. टी-२ चित्रात पाणी उजळते. सुजेत पाणी वाढते, म्हणून व्याधी पुष्कळदा टी-२ मध्ये चमकते. कण्याच्या चित्रात मज्जारज्जूभोवतीचा द्रव पांढरा दिसला की ते टी-२, एवढे कोणासही ओळखता येईल.

तथापि अक्षरओळख म्हणजे अर्थबोध नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात, पाठीची तक्रार नसलेल्या माणसांपैकी विसाव्या वर्षी सुमारे ३० टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ८४ टक्के लोकांत मणक्यांमधील चकती फुगलेली आढळली. तेव्हा अहवालातील ‘डिस्क बल्ज’ हे दोन शब्द ऐकून, भातलावणीने पाठ धरलेल्या बाईने शस्त्रक्रियेच्या धास्तीने कर्ज काढण्याचे कारण नाही. उलट पायांतील शक्ती जात असेल, लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल, तर एक दिवसही दवडता कामा नये. हा भेद एकटे चित्र सांगत नाही. रुग्णास हात लावून तपासणारा डॉक्टरच तो करू शकतो. मात्र त्यालाही चित्र कळले पाहिजे.

म्हणून आमचे मागणे दुहेरी आहे. डहाणू-तलासरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना क्ष-किरणतज्ज्ञांकडून या वाचनाचे पाठ नियमितपणे मिळावेत. प्रत्येक अहवालासोबत निष्कर्षाच्या चार ओळी मराठीत असाव्यात, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास त्या समजावून सांगणारे माणूस असावे. यंत्रास कोट्यवधी रुपये लागतात. या कामास काही तासांची शिकवणी आणि थोडी आस्था पुरेल. तेवढीही आपल्याजवळ नसेल, तर पैसे मोजून आणलेले ते पाकीट रुग्णाच्या घरी खुंटीवर नुसते लटकत राहील.