होडी कुणाच्या नावावर?

मागच्या उन्हाळ्यात उरणकडून एक टेम्पो पोशीरला आला. त्यात फायबरची जुनी होडी पालथी घातलेली होती. सोळा-सतरा फूट लांब, निळ्या रंगाचे पोपडे निघालेले, मागच्या फळीला इंजिन अडकवायच्या जागी मूठ जाईल एवढं भोक. पोरं टेम्पोमागे धावली. रस्त्यात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "समुद्र इथवर आला काय?"

होडी घेतली होती वाडीतल्या बचत गटानं. अकरा जणी, बहुतेक कातकरी. आमच्या भागातल्या एका लहान धरणावर त्या काठाकाठानं मासे धरतात. खोल पाण्यात जायचं तर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्मोकोलच्या तुकड्यावर बसून पुरुष जातात. बाया काठावर. म्हणून त्यांना होडी हवी होती. खरं सांगायचं तर मी विरोध केला होता. समाजकार्याची पदवी घेतलेल्या माणसाला उपजीविका म्हटलं की शेळ्या नाहीतर शिलाई मशीन सुचतं. गटातली एक मावशी म्हणाली, "ताई, शेळी सांभालायला तर आमी नेहमीच हाव. आमाला पान्यात जायचाय." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवी होडी परवडणारी नव्हतीच. फायबर कुजत नाही, मोडीत कुणी घेत नाही, त्यामुळे खाडीकाठी अशा टाकलेल्या होड्या पडून असतात आणि स्वस्तात मिळतात. (बायकांच्या वाट्याला जुनं येतं, हा अनुभव नवा नाही.)

दुरुस्ती शिकवायला खाडीकडचे एक कोळी काका दोन दिवस येऊन राहिले. पहिला अर्धा दिवस त्यांनी कशालाच हात लावू दिला नाही. लाकडी दांडक्यानं सगळी होडी ठोकून ऐकायला लावली. धड जागी टणटण वाजतं, आतला थर सुटला असेल तिथं बद्द. मडकं वाजवून घेणाऱ्या बायांना हे सांगावं लागलं नाही. "हिच्या पोटात पानी हाय," असा निकाल त्यांनीच दिला आणि तो खरा निघाला. फायबर कुजत नसलं तरी मागच्या फळीच्या आतलं लाकूड कुजतं. एकदा भेग पडली की पाणी आत मुरतं, बाहेरून पत्ता लागत नाही. आतलं लाकूड हातानं उकरून निघालं, भिजलेल्या चहापत्तीसारखं. बाकाखालच्या बंद कप्प्यातला थर्मोकोलही पाणी पिऊन जड झाला होता. तो काढला तेव्हा होडी उचलायला दोघी कमी लागल्या.

मग कापणं, वाळवणं, घासणं. भोकाच्या कडा नुसत्या बुजवून चालत नाहीत, चारी बाजूंनी लांब उतार देऊन घासाव्या लागतात, म्हणजे नव्या थराला धरायला जागा मिळते. काचेच्या तंतूंची ती धूळ अंगाला लागली की रात्रभर खाज. साडीच्या निऱ्यांत तर ती बसतेच. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी नवऱ्यांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून आल्या, नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मे. हातमोजे तालुक्याच्या दुकानात एकाच मापाचे मिळाले, पुरुषांच्या. एक जण अंगावर पाजणारी होती, तिला रेझिनच्या वासापासून लांब ठेवलं. ती रुसली. शेवटी हिशोबाची वही तिच्याकडे दिली.

रेझिनमध्ये हार्डनर किती, यावर सगळं काम. साधारण शंभराला एक-दोन भाग, आणि एप्रिलच्या उन्हात त्यातही हात आखडता. आम्ही पहिल्या दिवशी उत्साहानं मोठा डबा कालवला. ब्रश फिरेपर्यंत डबा हातात तापला आणि रेझिन जेलीसारखं घट्ट झालं. पैसे गेले. त्यानंतर वाटी-वाटीनं. काकांनी एक गोष्ट मात्र दरडावून सांगितली, ती इथेही लिहून ठेवते: हार्डनर आणि अ‍ॅक्सिलरेटर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये नीट मिसळायचा, मग दुसरा. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. काचेच्या मॅटचे थर एकावर एक, प्रत्येक थरातली हवा रोलरनं बाहेर. पावसाळी दमट हवेत हे काम नीट होत नाही, म्हणून मे संपायच्या आत उरकलं.

हे सगळं एवढ्या तपशिलानं लिहिण्याचं कारण आहे. होडी पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी धरणाचा ठेका घेतलेल्या संस्थेचा माणूस आला. होडीभोवती फिरला, काम चांगलं झालंय म्हणाला, आणि विचारलं, "होडी कुणाच्या नावावर?" आम्ही विक्रीची पावती काढली. पावतीवर गटातल्या एका बाईच्या नवऱ्याचं नाव! तो टेम्पो ठरवायला गेला होता, सही त्यानं केली, विकणाऱ्यानं त्याचंच नाव घातलं. पैसे अकरा जणींचे, घासणं अकरा जणींचं, आणि कागदावर तो. त्यानं काही लबाडी केली असंही नाही. कुणालाच त्यात खटकलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी ती पावती फाइलला लावली होती.

पावती आम्ही गटाच्या नावानं बदलून घेतली. पण त्या माणसाचं पुढचं वाक्य बदलता आलं नाही: "संस्थेचे सभासद मासे मारणारे. बाया मासे मारत नाहीत, विकतात."

हे वाक्य फक्त आमच्या धरणावरचं नाही. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून फायबरच्या होड्यांचा पूर आला, गरजेपेक्षाही जास्त. त्या मच्छीमारांना मिळाल्या, म्हणजे पुरुषांना. टोपली, साठवलेली मासळी, उधारीची वही वाहून गेलेल्या विक्रेत्या बायांचं नुकसान मोजायला उशीर झाला. आपल्याकडे 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवलं गेलं, इतरांना 40. चांगली गोष्ट. पण वीस टक्के जास्त मिळतात म्हणून बायकोचं नाव अर्जावर घालायचं आणि होडी, इंजिन, विक्रीचे पैसे सगळं पहिल्यासारखंच ठेवायचं, याला मालकी म्हणता येईल का? 1990 च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली तेव्हा सातबारावर बाईचं नाव चढवणं हेच केवढं धाडस होतं. ते हवंच. माझं म्हणणं एवढंच की होडीचं शेतासारखं नाही. शेत पडून राहिलं तरी शेतच राहतं. होडी दोन वर्षं दुरुस्त केली नाही तर ती पालापाचोळा साठवायचं भांडं होते. जिला ती दुरुस्त करता येते तिच्याकडेच ती राहते. आणि पाण्यात जायचा हक्क नसेल तर दुरुस्त केलेलीही काठावरच. तेव्हा नाव, हुन्नर आणि पाणी, तिन्ही एकदम मागायला हवं. आपल्या संघटनांनी आजवर नावावरच जास्त जोर दिला, असं मला वाटतं. प्रशिक्षणं घेतली तीही बहुधा लोणची-पापडांची.

बाया पाण्यात जात नाहीत हेही खरं नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया स्वतः होड्या वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात मासेमारीला जातात, रीतसर परवाना घेऊन.

आमच्या भागात हा प्रश्न लवकरच मोठा होणार आहे. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं पोशीर नदीवरच्या धरणाला मान्यता दिली. पाणी जाणार मुंबई महानगराकडे. कुणाची घरं-शेतं जातील, मोबदला कसा, यावर बोलणं सुरू झालं आहे, आणि ते आधी व्हायलाच हवं. पण एवढं पाणी साठलं की त्यात मासे येणार, ठेका निघणार, संस्था उभी राहणार. त्या संस्थेच्या सभासदांची यादी कोण करणार? वनहक्क कायद्यानं (2006) जमिनीचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असं ठरवलं, आणि पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही मान्य केला. राज्याच्या सहकार कायद्यानं संस्थेच्या समितीवर स्त्रियांसाठी दोन जागा राखल्या. पण सभासदच पुरुष असतील तर त्या दोन जागांवर कुणाच्या बायका बसतात, हे तुम्हा साऱ्याजणींना मी सांगायला नको.

सध्या होडी काठावर दगडांवर पालथी आहे, प्लॅस्टिकनं शाकारलेली. दोनदा पाण्यात गेली, एक थेंब आत आला नाही. सात जणींनी सभासदत्वाचे अर्ज दिले आहेत. नकारही लेखी मिळत नाही, पोचही नाही. तुमच्या भागात बायांना मच्छीमार संस्थेचं सभासदत्व मिळालं असेल तर त्या अर्जाची आणि ठरावाची नक्कल मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. "क्रियाशील मच्छीमार" या शब्दांपुढे त्यांनी काय लिहिलं, ते आम्हाला बघायचं आहे.