जिप्सीची उंची आणि नियमातली तरतूद

बंगळूरमध्ये कोरमंगलाच्या चौथ्या ब्लॉकला लागून एस. टी. बेड नावाची वसाहत आहे. एस. टी. म्हटले की मराठी माणसाला लाल बस आठवते. इथे मात्र ती अक्षरे श्रीनिवागिलु टँक या तलावाची आहेत आणि बेड म्हणजे त्याचा तळ. तलावाच्या तळात घरे बांधल्यावर पावसाळ्यात पाणी आपली जुनी जागा शोधत येते, यात नवल ते काय? शिवाय मॅजेस्टिकच्या बाजूने निघून बेळ्ळंदूर तलावाकडे जाणारा राजकालुवे, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा जुना मोठा नाला, याच खोऱ्यातून जातो.

माझा भाचा या वसाहतीत भाड्याने राहतो. 4 सप्टेंबर 2022 च्या रात्री बंगळूरवर जो पाऊस कोसळला, त्यानंतर आऊटर रिंग रोडच्या भागात संगणक कंपन्यांतील मंडळी ट्रॅक्टरवर बसून कामावर गेली होती. ती छायाचित्रे देशभर छापून आली. भाच्याने त्यातून एकच बोध घेतला, तो म्हणजे गाडी उंच हवी. त्याने 2011 सालची एक मारुती जिप्सी घेतली आणि तिची उंची वाढवण्यासाठी पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले.

जिप्सी हे या कामासाठी सोयीचे वाहन आहे, हे मान्य केले पाहिजे. तिला चारही चाकांवर पाटे आहेत आणि पुढेमागे सरळ, अखंड अ‍ॅक्सल. पिकअप ट्रकांपैकी व्ही-क्रॉससारख्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असते. तिथे स्प्रिंगखाली चकती घालून उंची वाढवली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरके होऊन लवकर झिजतात. जिप्सीत ती भानगड नाही, म्हणून थोड्या पैशांत काम करू पाहणारे सगळे तिच्याकडे वळतात. त्यासाठीचे स्वस्त मार्गही ठरलेले आहेत. पाट्याच्या टोकाचा शॅकल लांब करायचा. पण शॅकल पन्नास मिलिमीटरने वाढवला तर गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, आणि पुढच्या चाकांचा कोन बदलल्याने स्टिअरिंग सैल वाटू लागते. एखादा पाटा वाढवायचा. मग गाडी बैलगाडीसारखी दणके देते. चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालायचे. त्याने मोठे टायर बसायला जागा होते, इतकेच. सर्वांत जास्त उंची मिळते ती चौथ्या उपायाने. जिप्सीचे पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खाली असतात, ते अ‍ॅक्सलच्या वर आणून बसवायचे. एका झटक्यात सुमारे शंभर ते सव्वाशे मिलिमीटर उंची मिळते, आणि नवे पाटेही विकत घ्यावे लागत नाहीत.

भाच्याने हेच केले. पण या कामात पाट्याची बैठक अ‍ॅक्सलच्या नळीवर वेल्डिंग करून बसवावी लागते. वेल्डिंग कच्चे असले तर ती सुटते, आणि उष्णता जास्त झाली तर नळी वाकते. स्टिअरिंगचा दांडा पाट्याला घासतो, म्हणून तोही वर घ्यावा लागतो. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. आणि मुख्य म्हणजे चासीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळ्या आखूड पडतात. एका गॅरेजने हे काम केले. पंधरा हजारांत वेल्डिंग बसले, दांडा बसला, नळ्या मात्र बसल्या नाहीत. जुन्याच ताणून लावल्या. दीड महिन्यानंतर एका संध्याकाळी चाक पूर्ण वळवून गाडी खड्ड्यातून वर घेताना पुढची नळी फाटली आणि पेडल तळाला गेले. गाडीचा वेग नगण्य होता, समोर चढ होता आणि मागे कोणी दुचाकीस्वार नव्हता, म्हणून हँडब्रेकवर निभावले. गाडीत त्याची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी होती.

त्यानंतर त्याने मला फोन केला. मला यंत्रे कळतात म्हणून नव्हे, तर ‘मामा, हे आता कुणाला दाखवता येईल का? तुम्हाला माहीत असेल,’ हे विचारायला. त्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कुणालाच नाही’ असे होते, आणि ते देताना मला संकोच वाटला.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचले आणि निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182 अ नव्या रूपात आले. अनुमती नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी की नोंदणी प्रमाणपत्रात चासी क्रमांक असतो, व्हीलबेस असतो, वजन असते, रंगही असतो. गाडी जमिनीपासून किती उंच आहे याचा रकाना नसतो. त्यामुळे उंची वाढवणे हा गुन्हा नेमका कुठे सुरू होतो, हे गॅरेजवाल्याला ठाऊक नसते, मालकाला ठाऊक नसते, आणि रस्त्यावरचा हवालदार ते आपल्या अंदाजाने ठरवतो.

बंदीमागचे कारण खोटे नाही. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर ती कलंडू शकते, तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. पण बंदी घातल्याने हे काम थांबले का? ते फक्त तपासणीच्या कक्षेबाहेर गेले. के. ए. 01 ही पाटी देणारे परिवहन कार्यालय कोरमंगलातच आहे. माझा भाचा त्या कार्यालयात काम दाखवायला गेला असता, तर ताणलेली नळी कुणाही निरीक्षकाला दिव्याच्या उजेडात दोन मिनिटांत दिसली असती. तो गेला नाही, कारण जाणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे होते. विमा कंपनीलाही त्याने कळवले नाही. ज्या एका जागी शासनाला त्या मुलीच्या सुरक्षिततेसाठी काही करता आले असते, ती जागा कायद्याने स्वतःच बंद करून घेतली होती.

याच कलम 52 मध्ये दुसरी वाटही आहे. अपंग व्यक्तीला चालवता यावे म्हणून वाहनात बदल केला, तर त्याला नोंदणी प्राधिकाऱ्याची नंतर मान्यता घेता येते. सीएनजीचा संच बसवायचा तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने प्रमाणित केलेला संच घेऊन त्याची प्रमाणपत्रात नोंद होते. म्हणजे बदल, तपासणी आणि नोंद ही साखळी आपल्या प्रशासनाला अपरिचित नाही. जर्मनीत असा बदल मान्यताप्राप्त तपासनिसाला दाखवून कागदावर घेतात. ऑस्ट्रेलियात ठराविक मर्यादेपर्यंत उंची वाढवता येते आणि त्यापुढे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे पन्नास मिलिमीटरपर्यंत साधी नोंद, त्यापुढे वेल्डिंग, ब्रेकच्या नळ्या आणि दिव्यांचा कोन तपासून दाखला, आणि पाट्यांची अशी उलटापालट प्रमाणित संचाशिवाय नाहीच, इतके ठरवायला फार मोठी समिती लागू नये.

यावर माझे काही सहकारी म्हणतील की निरीक्षकाच्या हाती नवा अधिकार दिला की चिरीमिरीचे नवे खाते उघडेल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण आज रस्त्यावर अंदाजाने चालणारे खाते उघडेच आहे. मिलिमीटर निदान टेपने मोजता येतात. ‘नियमात तरतूद नाही’ हा शेरा मीही अनेक फायलींवर मारला आहे. तो मारला की फाईल टेबलावरून जाते, आणि माणूस ते काम कुठे व कसे उरकतो हे आपल्याला दिसत नाही. असो.

एक गोष्ट मात्र मी भाच्याला ठणकावून सांगितली. पाण्यासाठी एवढा खटाटोप गरजेचा नव्हताच. पाटे वर घेतल्याने अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते, मग तेल दुधासारखे होते. त्यावर उपाय म्हणजे ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर नेणे. खर्च काही शे रुपये. इंजिन जाते ते हवेच्या तोंडातून पाणी आत गेल्यावर, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तेव्हा ते तोंड पाण्याच्या वर असणे महत्त्वाचे. आणि उंच गाडी वेगाने पाण्यातून काढली की तिची लाट शेजारच्या तळमजल्यावरच्या घरात शिरते, हेही त्याला सांगावे लागले.

त्याने पाटे पुन्हा अ‍ॅक्सलच्या खाली घेतले, ब्रीदरच्या नळ्या लांब केल्या. ब्रेकच्या नव्या, थोड्या लांब नळ्या मात्र तशाच ठेवल्या. त्या जुन्यांपेक्षा मजबूत आहेत आणि चाक पूर्ण खाली लोंबले तरी ताणल्या जात नाहीत. आता जिप्सीच्या नोंदणीची पंधरा वर्षे पुरी होत आली आहेत आणि नूतनीकरणासाठी ती तपासणीला न्यावी लागेल. परवा त्याने विचारले, ‘मामा, त्या नळ्या मूळच्या नाहीत. ठेवू की जुन्या मापाच्या लावून नेऊ?’ मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.