तिसरं चाक

परवा लेकीचा अमेरिकेहून फोन आला. "आई, मोटरसायकल घेतेय. हसू नकोस हं, तीन चाकांची!" मी हसले नाही. जावईबापूंनी मात्र मागून "रिक्षाऽऽ" अशी हाक मारलीच.

नातेवाईक मंडळींना आठवत असेल, ही अकरावीत असताना मोपेड शिकता शिकता खडीवर घसरली होती. गुडघा फुटला, बाकी काही नाही. पण मी घाबरून किल्ली कपाटात ठेवली ती कायमची. "चुकल्याशिवाय येत नाही" असं पस्तीस वर्षं वर्गात सांगणारी मी! त्यानंतर तिने दुचाकीला हात लावला नाही. तिची भीती निम्मी तरी माझी देणगी आहे.

म्हणून या वेळी उपदेश न करता तिच्याकडून सगळं समजून घेतलं.

तीन चाकी म्हणजे सगळ्या सारख्या नाहीत. २००६ साली आलेल्या पियाजिओच्या एमपी३ स्कूटरला पुढे दोन चाकं, पण ती वळणावर दुचाकीसारखी झुकते. थांबताना बटण दाबून तो झुकाव बंद करता येतो, पाय टेकावा लागत नाही. यामाहाची २०१८ची नायकेनही झुकते, पण तिला ही सोय नाही. थांबलं की पाय टेकायचा, नाहीतर आडवी! म्हणजे घाबरटाच्या ती कामाची नाही. लेकीच्या मनात भरली आहे ती कॅन-ॲमची रायकर (आपल्याकडचं आडनावच की हो!). पुढे दोन चाकं, मागे एक, अजिबात न झुकणारी. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, ब्रेक फक्त पायाने. मागे घ्यायलाही सोय आहे.

आपल्या रिक्षाचं उलट असतं, पुढे एक चाक. त्यामुळे वेगात वळताना ब्रेक दाबला की ती पुढच्या कोपऱ्याकडे कलंडू पाहते. पुढे दोन चाकं असली की तिथे आधार मिळतो. तेव्हा जावईबापूंची उपमा चुकली, गुण शून्य.

मला एक गोष्ट फार आवडली. वेगातली दुचाकी उजवीकडे वळवताना आपण नकळत हँडलची उजवी बाजू पुढे ढकलतो, आणि गाडी झुकून वळते. रायकर मात्र हँडल वळेल तिकडे वळते. त्यामुळे मुरलेल्या चालवणाऱ्याला आधीची सवय विसरावी लागते. कोऱ्या पाटीवर अक्षर लवकर उमटतं, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहेच.

पण तिसरं चाक म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं, म्हणून वेग आधीच कमी करायला हवा. दुचाकी खड्डा चुकवून निघून जाते. इथे पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन बाजूंनी गेली, तर मधलं मागचं चाक नेमकं त्यात! शिवाय पडलं-धडकलं तर चहूबाजूंनी उघडंच. हेल्मेटला पर्याय नाही. अमेरिकेत काही राज्यांत मोटारीच्या परवान्यावर ही चालवता येते, आणि मला तेच धोक्याचं वाटतं. परवाना आहे म्हणजे येतं असं थोडंच? तिथल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा तीन चाकींसाठी वेगळा वर्ग असतो. आधी तो कर, असं मी बजावलंय.

माझं मत विचाराल तर, भीती वाटते म्हणून सोपं वाहन निवडण्यात कमीपणा नाही. तोल सांभाळण्यातच सगळं लक्ष गेलं तर रस्त्याकडे कोण बघणार? कमीपणा असलाच तर तो भीतीपायी किल्ली कपाटात ठेवण्यात आहे. तो मी केला आणि त्यात तिची तीसेक वर्षं गेली.

असो. वर्ग पुढच्या शनिवारी सुरू होतोय. जावईबापूंनीही नाव घातलंय म्हणे! मी देवापाशी दिवा लावीन, पण फोन करून "जपून गं" म्हणणार नाही. निदान तसं ठरवलंय तरी.