घोड्यावर कोण, पायी कोण?



फोर्टात काळा घोडा म्हणून जी जागा आहे, तिथे पूर्वी घोड्यावर बसलेल्या इंग्लंडच्या युवराजाचा पुतळा होता. 1879 साली बसवलेला तो पुतळा 1965 साली तिथून काढून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. स्वारही गेला, घोडाही गेला. जागेचे नाव मात्र काळा घोडाच राहिले. 2017 साली त्याच परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला, तोही स्वाराविना. म्हणजे इतक्या वर्षांत लोकांनी लक्षात ठेवला तो घोडा! घोडा डोळ्यांत भरतो, आणि त्याच्या पाठीवर जो बसेल तो आपोआप मोठा वाटतो. आज हे आठवायचे कारण एक छोटा, टीचभर उंचीचाही नसलेला घोडेस्वार आहे.

धातूचे छोटे ऐतिहासिक सैनिक जोडून रंगवण्याचा छंद विलायतेत जुना आहे. आपल्याकडे दिवाळीत मुले चाळीच्या आवारात किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडतात, त्याच जातीचा हा उद्योग समजा. आमच्या परळच्या वस्तीतल्या एका आय.टी.आय. झालेल्या तरुणाला परदेशी असलेल्या मित्राने असा एक संच पाठवला. नेपोलियनच्या काळातला फ्रेंच घोडेस्वार, सुटे भाग, 54 मि.मी. मापाचा. हे माप पायाच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजण्याची रीत आहे, कारण टोपी प्रत्येकाची निराळी असते. तरुणाच्या मनात आले की या फ्रेंचाला बदलून 1 जानेवारीच्या प्रदर्शनासाठी कोरेगावचा महार शिपाई करावा. त्याने आम्हाला विचारले आणि आम्ही त्याच्याबरोबर चार रविवार बसलो. कारकुनाच्या हाताला कानशीची सवय नाही, तेव्हा काम त्याचे आणि पुस्तके धुंडाळणे आमचे, अशी वाटणी झाली.

आधी कामाचे सांगतो, म्हणजे कुणाच्या घरी हौस असेल त्याला उपयोग होईल. हे सैनिक कथलाच्या मिश्र धातूचे असतात आणि जुन्या संचांत शिसेही बरेच असते. म्हणून कानस मारताना भुकटी उडू देऊ नये, खाली ओला कागद घालावा, जेवायच्या जागी हे काम करू नये आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. लहान मुलांना रंगवायला जरूर द्यावे, घासायला देऊ नये.

घोडा दोन अर्ध्या भागांत येतो. ओतकामाचे पापुद्रे आणि सांध्याच्या रेघा बारीक कानशीने काढाव्यात, भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत आणि गोंद न लावता एकदा जुळवून बघावेत. मगच अराल्डाइट लावून दोन्ही भाग रबराने आवळावेत आणि एक दिवस हात लावू नये. मान, हात, शेपटी यांना नुसता गोंद पुरत नाही. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून आत पितळी तारेची खुंटी घालावी लागते. लालबागच्या मूर्तिशाळांत मोठ्या मूर्तीच्या पोटात आधाराचा सांगाडा असतो, तसेच हे. बारीक कानशी, हातड्रिल आणि तार नागदेवीच्या बाजारात मिळतात. सांध्यातली फट एम-सील मळून भरावी, बोट ओले करून गुळगुळीत करावी. हातात मोजे असलेले बरे.

आता बदल करायचे. फ्रेंचाची उंच टोपी करवतीने काढली. एम-सीलच्या बारीक वळ्या करून, एकमेकींवर पिळून पागोटे बांधले. जाकिटावरची वेलबुट्टी घासून टाकली आणि कमरेखाली अंगरख्याचा घेर चढवला. तलवारीचा हात हळूहळू एकदाच वाकवला, कारण ही धातू पुढे-मागे वाकवली की तुटते. हातात तारेचा भाला दिला. लगामाला औषधाच्या पट्टीची चंदेरी पन्नी पुरली.

इथपर्यंत आमचा काही वाद नव्हता. वाद झाला तो तिसऱ्या रविवारी, हा स्वार कोण म्हणायचा यावरून.

तरुण म्हणाला, "हा आपला कोरेगावचा वीर." आम्ही म्हणालो, "बाबा रे, आपला वीर घोड्यावर नव्हता." दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन आम्ही जे वाचून आलो होतो ते त्याच्यापुढे ठेवले. कॅप्टन स्टॉन्टनच्या फौजेत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती, सुमारे 500 पायदळ. त्याबरोबर सुमारे 300 घोडेस्वार होते, ते पूना ऑक्झिलरी हॉर्सचे. आजच्या भारतीय लष्करातली पूना हॉर्स ही रेजिमेंट आपली परंपरा त्यांच्यापासूनच सांगते. शिवाय दोन तोफा आणि 24 गोलंदाज. महार शिपाई होते ते पायदळात. आणि त्या पायदळातही सगळेच महार नव्हते, इतर जातिधर्मांचे शिपाईही खांद्याला खांदा लावून होते. विजयस्तंभावर कंपनीच्या 49 मृतांची नावे आहेत, त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती आपल्या माणसांची ओळख.

तरुण थोडा हिरमुसला. "पण काका, घोड्यावर असला की लोक थांबून बघतात. पायातला शिपाई कोण बघतो?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. शिवाजी पार्कला जा, गेटवेला जा, इतिहास म्हटला की घोडा आलाच. पण आमच्या मते आपल्या माणसाला घोडा उसना आणून देण्याची गरज नाही. हे पायदळ 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरहून निघाले, रात्रभर सुमारे 25 मैल चालले आणि सकाळी तसेच लढाईत उभे राहिले. दिवसभर अन्न नाही, पाण्याला मोताद. आमच्या बायाबापड्या डोक्यावर भार घेऊन मैलोन्‌मैल चालल्या, गिरणीतल्या आमच्या माणसांनी बारा-बारा तास पायांवर उभे राहून साचे चालवले. चालणाऱ्याची किंमत आपल्याला कळत नसेल तर कुणाला कळावी?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्रदर्शनात एखादा जाणकार येईल आणि सगळ्यांसमोर विचारील की, हे पायदळातले होते ना? त्या एका प्रश्नाने आपली खरी बाजूही लोकांना बनावट वाटू लागेल. आपला इतिहास लिहिला गेला तो बहुतेक दुसऱ्यांच्या हातून, आणि त्यात आपल्याला जागा थोडी. म्हणून आपल्या हातून जे तयार होईल ते तपासून घेतलेले पाहिजे. चूक करण्याची चैन इतरांना परवडेल, आपल्याला नाही.

चौथ्या रविवारी तोड निघाली. घोडेस्वार राहिला, पण पूना ऑक्झिलरी हॉर्सचा स्वार म्हणून. तरुणाने तारेचा सांगाडा वळवून त्यावर एम-सीलचे दोन पायदळ शिपाई घडवले. अंगात लाल कोट, छातीवर पांढरे पट्टे, हातात संगीन लावलेली बंदूक. पोशाख त्याने जुन्या छापील चित्राशी ताडून घेतला. एका शिपायाचा पाय पुढे टाकलेला, चालत असलेला. दोघे पुढे आणि स्वार मागे अशी मांडणी झाली. खाली चिठ्ठी लावली: 'कोरेगाव, 1 जानेवारी 1818', प्रत्येकाच्या पलटणीचे नाव, आणि 22 नावांची ओळ.

1 जानेवारीला लोक घोडा बघूनच थांबले, हे खरे. पण एका आजीने खाली वाकून विचारले, "आनि ह्ये पुढं चालल्यात ते कोन?" मग तरुणाने तिला शिरूरपासूनची सगळी वाट सांगितली. भोवती दहा-बारा पोरे गोळा झाली होती.

आपल्या घरातली मुले किल्ला करोत, मातीचे शिपाई करोत की धातूचे, त्यांना रंग आणून द्या, एम-सीलची पुडी आणून द्या. त्याबरोबर एखाद्या रविवारी ग्रंथालयातही घेऊन जा, आणि शिपायाला रंग लावण्याआधी तो कोण होता, कुठे होता, हे त्यांनाच शोधायला लावा.