६५ सेंटिमीटर म्हणजे ३५ मार्क

गेल्या रविवारी माझं एका जिवलग मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. पैसा नाही, राजकारण नाही, क्रिकेटसुद्धा नाही. कारण होतं एक मासा. नेमकं सांगायचं तर ६७ सेंटिमीटर लांबीचा एक मासा, जो त्याने ठेवला आणि जो मी म्हणालो सोड.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही सिडनीतली पाच-सहा मराठी टाळकी. सोमवार ते शुक्रवार हापिसात संगणकापुढे बसून डोळे फोडायचे आणि वीकांताला बायकापोरांची परवानगी मिळाली की गरवायला पळायचं. बोट कुणाकडेच नाही. त्यामुळे किनाऱ्यावरूनच काय ते. आमची आवडती जागा म्हणजे न्यूकॅसलजवळची स्टॉक्टनची ब्रेकवॉल. सिडनीहून गाडीने साधारण दोन-अडीच तास. हंटर नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या बाजूला मोठमोठे दगड टाकून समुद्रात आत नेलेला हा बांध. १९०४ साली आडॉल्फ नावाचं फ्रेंच शिडाचं जहाज इथे आपटून फुटलं, आणि पुढे बांध वाढवताना ते त्यातच घेतलं गेलं. त्याचा गंजका सांगाडा आजही दिसतो. शेजारून कोळशाची अजस्र जहाजं जात असतात. पहाटे पाचला, अंगावर लाइफ जॅकेट आणि पायात खिळ्यांचे बूट चढवून, हातात रॉड घेऊन तिथे उभं राहिलं की आठवडाभराच्या मीटिंगा डोक्यातून धुऊन निघतात.

तिथे आम्ही ज्याच्या मागे असतो तो किंगफिश. आता इथेच आपल्या लोकांचा पहिला घोटाळा होतो. आपल्याकडे हॉटेलच्या मेनूकार्डावर किंगफिश म्हणजे सुरमई. इथला किंगफिश वेगळा. हा यलोटेल किंगफिश, पिवळ्या शेपटीचा, काट बांगड्याच्या कुळातला. इथे सुरमईला स्पॅनिश मॅकरल म्हणतात. हे मला कळेपर्यंत मी आईला फोनवर दोनदा "सुरमई धरायला जातोय" म्हणून सांगून मोकळा झालो होतो :)

किंगफिश धरणं म्हणजे काय प्रकार आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. आधी बारक्या गऱ्यांच्या माळेवर याका नावाचे छोटे मासे जिवंत पकडायचे. मग त्यातला एक मोठ्या गरीला लावून तरंड्याखाली सोडायचा आणि वाट बघायची. कधी दोन तास, कधी दोन वीकांत. आणि मग अचानक तरंडा गायब! रीळ किंचाळतं. हा मासा इतर माशांसारखा मोकळ्या पाण्यात पळत नाही, तो सरळ खाली दगडांकडे धावतो. तिथल्या कालवांवर दोर घासला की खेळ खलास. त्यामुळे हात सैल सोडायची सोय नाही. पहिली दहा सेकंदं ज्याची, मासा त्याचा.

असो. तर भांडणाकडे येऊ.

इथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात किंगफिशची कायदेशीर किमान लांबी आहे ६५ सेंटिमीटर, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. माणशी पाच मासे. मित्राचा मासा भरला ६७. तो म्हणाला, "कायद्यात बसतोय ना? मग झालं तर. तुझ्या पोटात का दुखतंय?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. वाऱ्यावर ओरडून वाद घालता येत नाहीत. म्हणून इथे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे: कायदा ६५ ला मासा ठेवू देतो, म्हणून ६५ चा मासा ठेवावा, हे मला मान्य नाही.

का ते सांगतो. आणि सुरुवात माझ्याच पापापासून करतो.

माझा पहिला किंगफिश ६६ चा होता. डिसेंबर महिना. मला आकाश ठेंगणं झालं होतं. वीसेक फोटो काढले, घरी आणला, साफ करायला घेतला आणि रत्नागिरीला आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने फोटोचं कौतुक केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाबोळी होती का रे?"

मी पोट बघितलं. गाबोळी कसली, दोन बारीक दोऱ्यांसारखं काहीतरी होतं. ते आईला दाखवलं.

आई म्हणाली, "अरे, मग हे पोरच की. कशाला मारलंस?"

बास. एवढंच बोलली आणि लगेच मसाला कुठला लावणार ते विचारायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या नाही. बग सापडल्यावर झोप न येणाऱ्या जमातीतला मी. रात्री वाचत बसलो. आणि जे सापडलं ते वाचून डोकं फिरलं.

१९९९ साली याच राज्यातल्या किंगफिशवर एक शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की निम्मे नर सुमारे ४७ सेंटिमीटरला प्रौढ होतात. पण निम्म्या माद्या प्रौढ होतात त्या सुमारे ८३ सेंटिमीटरला! आणि ही ८३ सुद्धा शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलेली, म्हणजे टोकापर्यंत मोजली तर आणखीच जास्त. आता जरा गणित करा. ६५ ते ८३ च्या मधली जी मादी आपण "कायद्याने" मारतो, तिने बहुतेक वेळा आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात. समुद्र पलीकडे न्यूझीलंडमध्ये हाच मासा हौशी लोकांना ७५ च्या खाली ठेवता येत नाही, आणि तिथे माणशी तीनच. मासा तोच, भूक तीच. फक्त रेघ वेगळी.

म्हणजे ६५ हा आकडा काही समुद्रदेवाने दिलेला नाही. आकडा ठरवताना माशाचं जीवशास्त्र असतं, मच्छीमारांचं पोट असतं, हौशी लोकांची नाराजी असते, मतं असतात. या सगळ्यांची ओढाताण होऊन जिथे दोरी थांबते तिथे कायदा रेघ मारतो. ही रेघ "याच्या खाली गेलास तर दंड" एवढंच सांगते. "याच्या वर सगळं चांगलं" असं ती कुठेच म्हणत नाही.

आपण दहावीला होतो तेव्हा ३५ मार्कांना पास होता यायचं. पण ३५ मिळाले म्हणून कुणाच्या घरी पेढे वाटल्याचं मला आठवत नाही. ३५ म्हणजे नापास नाही, एवढंच. आमच्या धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर सॉफ्टवेअरच्या खोक्यावर छापलेली "किमान आवश्यकता" आठवा. तेवढ्या मेमरीवर ते इन्स्टॉल व्हायचं खरं, पण चालायचं का? हापिसात जो माणूस "स्पेकमध्ये एवढंच लिहिलंय" म्हणून कोड टाकून घरी जातो, त्याला आपण काय काय म्हणतो? आणि तोच आपण ब्रेकवॉलवर मोजपट्टी काढून "स्पेकमध्ये बसतोय" म्हणतो!

आता मित्राचे मुद्दे एकेक घेतो, कारण ते फक्त त्याचे नाहीत.

पहिला मुद्दा: "माझ्या एका माशाने काय होतं? मोठ्या बोटींना बोल." ऐकायला गोड. पण किंगफिश हा हौशी लोकांचा लाडका मासा आहे, आणि हौशी लोकांची पकड धंदेवाल्यांच्या पकडीच्या पंगतीला बसेल अशी आहे. शिवाय धंदेवाल्यांना बोलणं झालेलं आहे. पूर्वी इथे किंगफिशसाठी समुद्रात मोठे पिंजरे लावायचे. ते १९९६ साली बंद केले. म्हणजे ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना थांबवलं गेलं. आणि आपण? एका चांगल्या शनिवारी बांधावर वीस जण असतील आणि प्रत्येकाने आपला "हक्काचा" कोटा भरला, तर एका सकाळी शंभर मासे होतात. तेही कायदा अजिबात न मोडता.

दुसरा मुद्दा: "सोडलेला मासा तसाही मरतोच." मरतो, जर तू त्याला तसा काढलास तर. ब्रेकवॉलवर मासा दगडांवरून आपटत वर ओढला, आकडा खुपसला, मग कोरड्या दगडावर ठेवून पाच मिनिटं फोटोसेशन केलं आणि नंतर वरून फेकला, तर काय होणार? म्हणून निर्णय गळ टाकायच्या आधी करायचा असतो. तीन आकड्यांच्या गरीऐवजी एकच गरी. खुपसायच्या आकड्याऐवजी लांब दांड्याची जाळी. दोर भक्कम, म्हणजे मासा दमून अर्धमेला व्हायच्या आत जवळ येतो. मासा कुठल्या दगडापाशी उतरवायचा ते आधीच बघून ठेवायचं, आणि सोबत एक माणूस. हात ओले. एक फोटो, आणि गेला परत. ज्याला हे जमत नाही त्याने "मरतोच" असं म्हणू नये, "मला सोडता येत नाही" असं म्हणावं. ते शिकता येतं.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे: "मग काय मोठ्या माद्या मारायच्या? जास्त अंडी तर त्याच घालतात." बरोबर. म्हणून मीटरच्या वरची बाईही परत जाते. (तशी ती ब्रेकवॉलवर आपल्या हाताला लागतच नाही, दोर तोडून जाते. पण तत्त्व म्हणून सांगतो.)

माझा नियम असा: ८५ ते १०० च्या मधला एक. दिवसाला एकच. मिळाला की रॉड गुंडाळून घरी. किंगफिशचं कच्चं साशिमी आठवड्याला खायचंच असेल तर दक्षिण ऑस्ट्रेलियात या माशाची शेती होते. तो बाजारात मिळतो, खुशाल विकत घ्या. आपल्या पगारात परवडतो.

आणि नियम म्हटला की अपवाद आला. मागच्या मार्चमध्ये मला ७८ चा लागला. गरी थेट कल्ल्यात, रक्ताची धार. तो सोडला असता तर माझं तत्त्व जिंकलं असतं आणि मासा तळाशी जाऊन मेला असता. मी तो ठेवला, तिथल्या तिथे झटक्यात मारला, बर्फात घातला आणि दिवसाचं गरवणं बंद केलं. शेपटीपासून डोक्यापर्यंत सगळा खाल्ला. डोक्याची आमटी तर अशी झाली की काय सांगू. तेव्हा मी काही संत नाही आणि सोवळंही पाळत नाही. मासे खाणाऱ्या घरात जन्मलो आणि मासे खातच मरणार.

आता भांडण ज्यामुळे खरं पेटलं ते सांगतो.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट, सुरमई, सगळी मंडळी त्यात आहेत. ती बातमी तेव्हा आमच्या ग्रुपवर आली होती, आणि याच मित्राने खाली लिहिलं होतं की आपल्याकडचे लोक नियम पाळणार नाहीत, पिल्लं मारून समुद्र रिकामा करतील, परदेशात बघा कशी शिस्त आहे वगैरे. त्याला आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले होते. मीसुद्धा.

परवा त्या ६७ च्या माशाकडे बघताना मला ते अंगठे आठवले. आणि मी ते त्याला बोलून दाखवलं. तिथेच तो भडकला.

पण विचार करा ना. रत्नागिरीच्या जेटीवर बारका मासा उतरवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर डिझेलचा खर्च असतो, बोटीचा हप्ता असतो, खलाशांचा पगार असतो. तो मासा त्याने सोडला तर त्या दिवशीचं कालवण जातं, हप्ता चुकतो. आपलं काय जातं? एक फोटो. संध्याकाळी फ्रीजमध्ये चिकन असतंच. त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करायची आणि आपण किमान रेघेवर रेलून बसायचं, हे कुठल्या तोंडाने? ज्याच्यासाठी मासा हा खेळ आहे, त्याला पळवाट सगळ्यांत कमी असली पाहिजे. सरकारने ६५ चे ८५ केले नाहीत तरी आपल्याला कुणी अडवलंय का?

तर मित्रा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, कारण ग्रुपवर कुणीतरी लगेच टाकेल. तू काही गुन्हा केला नाहीस. तू पास झालास. पण तू हापिसात ज्युनियर पोरांचे कोड परत पाठवतोस ना, "चालतंय, पण चांगलं नाही" असं लिहून? तेवढंच मला म्हणायचं होतं.

पुढच्या शनिवारी भरती पहाटेची आहे. याका मी आणतो. जाळी तू आण, लांब दांड्याची. आणि हो, आईने विचारलंय, त्या तुझ्या माशात गाबोळी होती का?